पुडीत काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं

वाचक विचारतात, डॉक्टर सांगतात

गेल्या अंकात झोपेवर लिहिलं होतं, तेव्हा वाटलं आता घोरण्याची पत्रं येणार. ती आलीच, पण त्यातच काही पत्रं अशी निघाली की झोप हे नुसतं निमित्त, खरा विषय एमडी नावाची नशेची पावडर. मग एकाने दुसऱ्याला सांगितलं असेल किंवा काय माहीत, या महिन्यात जवळजवळ सगळी टपाल याच विषयावर आहे. त्यातली काही निवडून घेतलीत. नावं काढली आहेत, कॉलन्या आणि काही तपशील बदललेत, कारण इंदूरच्या मराठी मंडळीत कोण कोणाच्या मावसभावाची सून हे पाच मिनिटात कळतं, आणि या प्रश्नांचं वाटोळं नेमकं तिथेच होतं.

प्रश्न : डॉक्टर ताई नमस्कार, तुमचा झोपेवरचा लेख वाचला म्हणून लिहितेय. माझा मुलगा २१ वर्षांचा, बीबीएच्या शेवटच्या वर्षाला. गेले सात-आठ महिने शनिवारी मित्रांबरोबर विजय नगरकडे जातो तो रविवारी दुपारी उगवतो, डोळे तारवटलेले, जेवण नको, तोंडात सतत च्युइंगम, रविवारची रात्रपण टक्क जागा, आणि मग सोमवारी जो आडवा होतो तो मंगळवारी दुपारी उठतो. उठला की चिडचिड, आजीवरसुद्धा ओरडतो, जिच्या मांडीवर मोठा झाला. वजन उतरलंय. पैसे कधी प्रोजेक्टला, कधी फी ला, कधी मित्राच्या बर्थडेला. परवा जीन्स धुवायला घेतली तर खिशात इवलीशी झिपलॉकची पुडी, सराफ्यात नाकातली चमकी घेतली की देतात ना तेवढी, आतून पांढरट काहीतरी चिकटलेलं. विचारलं तर म्हणे जिमची पावडर आहे, सगळेच घेतात. ह्यांचं म्हणणं दोन कानाखाली वाजवा आणि पुण्याला काकांकडे पाठवून द्या. जाऊबाईंना अजून काही सांगितलं नाही. काय करू? — एक आई, सुदामा नगर

उत्तर : ताई, जिमची पावडर किलोच्या डब्यात येते, चमकीच्या पुडीत नाही, हे तुम्हालाही कळलंय म्हणूनच पत्र लिहिलंत. पत्रावरून निदान होत नाही हे आधीच सांगते, पण तुम्ही जे लिहिलंय ते सगळं एकत्र धरलं तर एमडीची शंका यायलाच हवी. दोन रात्री जागून मग लागोपाठ झोप, भूक मेलेली, आणि ते च्युइंगम. च्युइंगम यासाठी की एमडी घेतल्यावर जबडा आपोआप आवळला जातो, माणूस जागेपणी दात खातो. ओपीडीत एक मुलगा समोर बसलेला आठवतो, बोलत होता अगदी व्यवस्थित, सर-मॅडम करून, पण खालचा जबडा सारखा डावीकडे-उजवीकडे सरकत होता, तोंड उघडायला लावलं तर गालाची आतली कातडी चावून चावून पांढरी पडलेली आणि दोन ठिकाणी सोललेली. त्याला पत्ताच नव्हता, म्हणे तिखट झोंबतंय हल्ली.

एमडी म्हणजे मेफेड्रोन. काही पोरं याला म्याऊ म्याऊ पण म्हणतात, नावावर जाऊ नका. हे काही झाडाचं नाही, लॅबमध्ये बनवलेलं रसायन आहे. मेंदूत डोपामाईन, सेरोटोनिन अशी रसायनं असतात जी आनंद, उत्साह, मूड सांभाळतात, मेफेड्रोन ती एकदम बाहेर ढकलतं आणि परत आत जाऊ देत नाही, त्यामुळे नाकाने ओढल्यावर काही मिनिटात माणसाला वाटतं आपण जगाचे राजे, सगळे मित्र भावासारखे, गाणं कधी नव्हे इतकं छान. आणि साधारण तासा-दीड तासात ते ओसरायला लागतं. इथेच सगळी गोम आहे. चढतं त्याच्यापेक्षा जोरात उतरतं, एकदम घाबरल्यासारखं, रिकामं, चिडकं वाटतं, म्हणून परत एक लाईन, मग परत, आणि आणलेली पुडी संपेपर्यंत थांबता येत नाही. मजेसाठी सुरू केलेला मुलगा काही महिन्यांनी त्या उतरण्याचा त्रास टाळायला घ्यायला लागतो, तेव्हा तो व्यसनात अडकलेला असतो, आणि त्याला स्वतःला मात्र अजून वाटत असतं की आपण फक्त शनिवारी घेतो.

सोमवार-मंगळवारची झोप म्हणजे शरीर वसुली करतंय. त्यानंतरची चिडचिड, उदासपणा, आजीवर ओरडणं हा उतरल्यानंतरचा भाग आहे, पोरगा एका रात्रीत वाईट झाला असं नाही. पण या एक-दोन दिवसात एक खरा धोका असतो तो ह्यांनाही वाचून दाखवा. मेंदूतला साठा संपलेला असताना काही मुलांच्या मनात स्वतःला संपवायचे विचार येतात, अगदी जोरात येतात. त्या दिवशी कानाखाली वाजवणं, "तू आमचं नाक कापलंस" म्हणणं, मित्रांसमोर काढणं, हे करू नका. तो तसं काही बोलला, किंवा बोलला नाही पण तुम्हाला शंका आली, तरी सरळ विचारा की असे विचार येतात का. विचारल्याने डोक्यात भरत नाही. आणि येतात म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे, सोमवारची वाट बघत बसायचं नाही.

बोलायचं कधी? रविवारी दुपारी तो दारात असताना नाही, तेव्हा नशा तरी असते नाहीतर उतरत असते. त्याची झोप पूर्ण होऊन, दोन वेळा जेवून झालेला असा एखादा बुधवार-गुरुवार बघा. पुडी टेबलावर आपटून उलटतपासणी घेतलीत तर तो अजून एक खोटं बोलेल, बस. त्यापेक्षा तुम्ही जे बघितलंय तेच सांगा, तू दोन रात्री झोपत नाहीस, तुझं वजन उतरलंय, मला पुडी सापडली, मला भीती वाटतेय, आपण एकदा डॉक्टरला दाखवू, मी बरोबर येते, बाहेर बसते. पहिल्यांदा नाहीच म्हणेल. दहा दिवसांनी परत बोला.

पैशाचं मात्र आजपासून. रोख देणं बंद, फी थेट कॉलेजला, पेट्रोल तुम्ही भरा. आणि उधारी आहे का ते विचारा, कारण बहुतेक वेळा असते, आणि ज्याची उधारी त्याचेच फोन सारखे येत असतात.

पुण्याच्या काकांबद्दल काय बोलू. २०२४ च्या फेब्रुवारीत पुण्याजवळ कुरकुंभ एमआयडीसीतल्या कारखान्यातून शेकडो किलो एमडी पकडलं होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आपल्या भोपाळच्या बगरोदा औद्योगिक भागात ९०७ किलो. त्याआधी २०२२ मध्ये वडोदऱ्याजवळ सावली तालुक्यात. म्हणजे काका कुठेही असोत, माल तिथे आधीच पोचलाय. गाव बदलल्याने मित्र बदलतात हे खरं, त्याचा थोडा उपयोगही होतो, पण उपचार न करता पाठवलेला मुलगा नव्या गावात आठ दिवसांत नवा माणूस शोधतो, आणि तिकडे बघायला आईपण नसते.

जाऊबाईंना सांगू नका, काही घाई नाही. पण घरात अजून एका मोठ्या माणसाला नक्की सांगा ज्याचं तो ऐकतो, मामा, आत्या, कोणीही. एकटीने हे ओढू नका.

प्रश्न : मॅम, मी २४ चा आहे, आयटीत जॉब, इंदूरलाच. एमडी पंधरा दिवसातून एकदा, तेही पार्टीत. आमच्या ग्रुपमध्ये एक जण म्हणतो की ब्राऊन शुगरसारखं याचं विड्रॉल नसतं म्हणजे अ‍ॅडिक्शन होत नाही, मन पक्कं असलं की झालं. पण गेल्या दोन वेळेला हार्ट खूप जोरात धडधडत होतं, बोटं गार पडली होती, आणि झोप येईना म्हणून मित्राने अल्प्राझोलामची गोळी दिली, वर थोडी व्हिस्की होतीच. सकाळी ठीक होतो. हे नॉर्मल आहे का? क्वालिटी चांगली घेतली तर प्रॉब्लेम येत नाही असं म्हणतात. — नाव नको

उत्तर : नॉर्मल नाहीये. आणि तू विचारलंस हे बरं केलंस, तुझ्या ग्रुपमधल्या ज्ञानी मित्राला पण हे पान पाठव.

ब्राऊन शुगर, म्हणजे भेसळीचं हेरॉईन, बंद केल्यावर अंगदुखी, उलट्या, जुलाब, नाक गळणं असं सगळं दिसतं, एमडीचं तसं दिसत नाही, इतकंच त्याचं खरं आहे. एमडीचं विड्रॉल मनात आणि झोपेत होतं. काही दिवस नुसती झोप आणि भूक, मग कशातच रस नाही, कामात लक्ष नाही, कधीकधी हे काही आठवडे चालतं, आणि मधूनच अशी तलफ येते की फोन आपोआप हातात येतो. यालाच अ‍ॅडिक्शन म्हणतात. मन पक्कं असण्याशी त्याचा संबंध नाही, कारण हे रसायन ज्या भागावर काम करतं तोच भाग "परत पाहिजे" हे ठरवतो. तुला स्वतःला तपासायचं असेल तर एक विचार, पंधरा दिवसांनी पार्टी आहे म्हणून घेतोस, की घ्यायचंय म्हणून पार्टी शोधतोस? पहिल्यांदा जेवढ्यात काम व्हायचं तेवढ्यात आता होतं का? उत्तर मला पाठवायची गरज नाही.

आता हार्ट. मेफेड्रोनने रक्तवाहिन्या आकसतात, बीपी चढतं, ठोके वाढतात, म्हणून बोटं गार पडली. वय २४ आहे म्हणून हृदय माफ करेल असं नसतं, ठोक्यांची लय बिघडणं, छातीत दुखणं, फिट येणं हे तरुणांतच बघितलंय आम्ही, आणि यातला कोणता शनिवार तो असेल हे आधी सांगता येत नाही. दारू बरोबर घेतली की नशा कळत नाही आणि दोन्ही जास्त घेतलं जातं. त्यावर अल्प्राझोलाम, म्हणजे एका बाजूने हृदय पळवायचं आणि दुसऱ्या बाजूने दारू आणि गोळीने श्वास मंद करायचा. एमडी लवकर उतरतं, दारू आणि गोळी मागे राहतात, आणि पहाटे ४ ला सगळे झोपलेले असताना श्वास मंद होत गेला तर बघणारं कोणी नसतं. त्या गोळीची स्वतःची पण सवय लागते, आणि रोज घेत असशील तर ती एकदम बंद करू नकोस, फिट येऊ शकते, डॉक्टरला सांगून हळूहळू कमी करायची.

क्वालिटीचं तर विचारूच नको. कारखान्यातून निघाल्यावर मधे जितके हात तितकी भेसळ, आणि प्रत्येकाची वेगळी. एमडी म्हणून दुसरंच काही विकलं जातं, एमडीएमए, म्हणजे एक्स्टसी, म्हणून एमडी विकलं जातं, बनवताना राहिलेली केमिकलं असतात ती वेगळीच. विकणाऱ्यालाच माहीत नसतं तर तू काय चव घेऊन ओळखणार. गेल्या वेळेस काही झालं नाही हा पुरावा गेल्या वेळच्या पुडीचा असतो.

आणि हे मात्र पाठ करून ठेवा सगळ्यांनीच. कोणाचं अंग तापलं, बरळायला लागला, छातीत दुखतंय म्हणाला, फिट आली, किंवा हलवून उठत नाही, तर १०८. अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत गर्दीतून बाहेर काढा, जास्तीचे कपडे काढा, ओल्या कपड्याने पुसा, पंखा लावा, बेशुद्ध असेल तर कुशीवर वळवा, म्हणजे उलटी झाली तरी घशात अडकणार नाही. तोंडात पाणी, लिंबू, ताक काही ओतू नका, घरातली बीपीची गोळी देऊ नका, झोपू द्या सकाळी ठीक होईल असं करू नका. आणि डॉक्टरला खरं सांगा काय घेतलंय ते. पोरं याच ठिकाणी खोटं बोलतात, फूड पॉयझनिंग म्हणतात, आणि पहिला अर्धा तास फुकट जातो.

तू अजून पंधरवड्यावर आहेस तर आत्ताच ये. एक ईसीजी आणि अर्धा तास बोलणं, एवढंच आहे पहिल्या वेळेला. ऑफिसला काही कळत नाही.

प्रश्न : डॉक्टर बाई, माझं वय ७८. जन्म रामबागेतला. आपल्या माळव्यात अफू काय आज आली? रतलाम-मंदसौरकडे लग्नात पाहुण्यांना अफू पाजायचे, शिवरात्रीला आम्ही भांग प्यायचो, माझे एक काका रोज हरभऱ्याएवढी अफू घेऊन ८४ वर्षं जगले. आजकाल पोरांनी काही घेतलं की लगेच डॉक्टर आणि पेपरात बातमी. उगाच बाऊ होतो असं मला वाटतं. — एक जुना वाचक

उत्तर : आजोबा, तुमच्या काकांना नमस्कार, पण ८४ वर्षं जगलेल्या काकाची गोष्ट सांगायला पुतण्या असतो, जे ४० व्या वर्षी शेतीवाडी फुंकून गेले त्यांचं घरात कोणी नाव काढत नाही. तेही होतेच माळव्यात, तुम्हाला दोन-चार आठवत असतील. एकोणिसाव्या शतकात इथली अफू मुंबईमार्गे चीनला जायची, होळकर-शिंद्यांच्या राज्यात तो मोठा धंदा होता, आणि आजही मंदसौर-नीमच-रतलामला सरकारी परवान्याने शेती होते, नीमचला सरकारी कारखाना आहे, त्यातून दुखण्यावरची औषधं बनतात. म्हणजे अफू आपल्याला नवी नाही हे शंभर टक्के मान्य.

पण काका जे घ्यायचे ते डोळ्यांना दिसायचं, हरभऱ्याएवढं की वाटाण्याएवढं ते कळायचं. आता जे आहे ते रसायन आहे आणि त्याचा जोर डोळ्यांनी कळत नाही. फेंटानिल नावाचं औषध आहे, ऑपरेशनच्या वेळी भूल देताना वापरतात, फार उपयोगी आहे, पण मॉर्फिनच्या साधारण १०० पट आणि हेरॉईनच्या ५० पट ताकदीचं. अमेरिकेत हेच चोरून बनवून बाकी नशेच्या मालात मिसळलं गेलं आणि माणसं किती मेली ते तुम्ही पेपरात वाचलंच असेल. मिठाच्या काही कणांइतका फरक आणि माणूस श्वास घ्यायचा थांबतो. किंवा भांगेचंच घ्या. जॉन हफमन नावाच्या अमेरिकन प्रोफेसरच्या लॅबमध्ये संशोधनासाठी काही रसायनं बनवली होती, गांजातलं द्रव्य मेंदूत जिथे चिकटतं तिथे चिकटणारी. गांजा ते बटण अर्धवट दाबतो, ही रसायनं पूर्ण दाबतात. लोकांनी त्यांचा फॉर्म्युला उचलला, कुठल्यातरी सुक्या पाल्यावर फवारलं आणि स्पाइस, के-टू नावाने विकलं. त्याने फिट येतात, किडनी बिघडते, माणूस भ्रमात जातो. भांग पिऊन आपण फार तर काही तास हसत बसायचो.

आणि एमडीची गंमत बघा, हे मेफेड्रोन पहिल्यांदा बनलं १९२९ मध्ये आणि मग सत्तर-पंच्याहत्तर वर्षं कोणाला त्याची आठवण नव्हती. २००० नंतर कोणीतरी जुने रिसर्च पेपर चाळून परत शोधलं, युरोपात "झाडांचं खत", "बाथ सॉल्ट" असं लिहून उघड विकलं, ब्रिटनने २०१० मध्ये बंदी घातली, आपल्याकडे एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीत आलं फेब्रुवारी २०१५ मध्ये. मधली वर्षं ते बेकायदेशीरच नव्हतं! बंदी आली की रेणूत एक तुकडा इकडचा तिकडे करायचा, नवा माल तयार, यादीत नाव यायला परत वेळ. जगभरात अशी हजाराच्या वर नवी रसायनं सापडली आहेत. त्यातल्या बहुतेकांची कुठल्या प्राण्यावरसुद्धा नीट चाचणी झालेली नाही, ती पहिल्यांदा होते ती आपल्या नातवंडांवर.

तेव्हा बाऊ म्हणा हवं तर. पण तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी मला नाही, नातवंडं तुमच्याशी बोलतात. घरात आई-वडिलांना जे सांगत नाहीत ते आजोबांना सांगतात. भांगेच्या गोष्टी सांगताना जरा जपून, एवढंच.

प्रश्न : ऑनलाईन युरिन टेस्टचं किट मिळतं, मुलाला न सांगता करता येईल का? निगेटिव्ह आलं तर निश्चिंत व्हायचं ना? — एक बाबा, लोकमान्य नगर

उत्तर : न सांगता लघवी कशी घेणार ते तुम्हीच बघा, मला काही सुचत नाही. पण निश्चिंत बिलकुल होऊ नका. बाजारातल्या साध्या पट्ट्या गांजा, अफूची कुळी, अँफेटामिन, बेंझो (अल्प्राझोलामच्या जातीच्या गोळ्या) अशा ठरावीक गोष्टींसाठी असतात. मेफेड्रोन त्यात बऱ्याचदा निसटतं, कृत्रिम गांजा तर साध्या पट्टीवर येतच नाही, आणि दिवसही उलटून गेलेले असतात. उलट सर्दी-खोकल्याच्या काही औषधांनी खोटं पॉझिटिव्ह येतं आणि घरात महाभारत होतं. टेस्ट उपचाराच्या वेळी त्याच्या संमतीने करतात, तेव्हा तिचा उपयोग असतो.

प्रश्न : ताई, माझ्या दिराला घरच्यांनी एका नशामुक्ती केंद्रात टाकलं. रात्री गाडी आली, चार माणसं उचलून घेऊन गेली. अडीच महिने झाले, पहिला महिना भेट नाही म्हणाले, नंतर भेटलो तर एक माणूस मधे उभा, दीर काही बोलेना, मनगटावर काळे-निळे वण होते. महिन्याचे पैसे घेतात. सासूबाई म्हणतात निदान नशा तरी सुटली. डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात म्हणे, आम्ही बघितले नाहीत. बाहेर काढलं तर पोलीस केस होईल अशी पण भीती घातली आहे. — एक वहिनी

उत्तर : वहिनी, आधी त्यांना तिथून बाहेर काढून चांगल्या डॉक्टरला दाखवा, बाकीचं नंतर. केंद्र कोणतं हे मी छापत नाही, पण तुम्ही लिहिलंय ते जर तसंच असेल तर ते कायद्यात बसत नाही.

मेंटल हेल्थकेअर अ‍ॅक्ट, २०१७ चा. दारू आणि ड्रगमुळे होणारे मानसिक त्रास त्यात येतात, म्हणजे असं केंद्र चालवायला राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. माणसाची इच्छा नसताना भरती करायची तर नातेवाईकाचा नुसता अर्ज पुरत नाही, दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासावं लागतं, धोका आहे असं लिहावं लागतं, आणि ती पहिली भरती ३० दिवसांच्या वर नाही, वाढवायची तर परत सगळी प्रक्रिया. फोनवर बोलायचा, भेटायला आलेल्यांना भेटायचा हक्क रुग्णाला आहे. साखळीने बांधायला सरळ मनाई आहे. तक्रार मेंटल हेल्थ रिव्ह्यू बोर्डाकडे करता येते. चार माणसांनी रात्री उचलून नेणं हे यातलं काहीच नाही.

पोलिसांची भीती घालतात ती बहुतेक पैशासाठी. एनडीपीएस कायद्याच्या ६४-अ कलमात असं आहे की व्यसनी माणसावर नुसतं सेवन केल्याचा किंवा थोडा माल सापडल्याचा आरोप असेल आणि तो आपणहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार पूर्ण करायला तयार असेल तर त्याला खटल्यापासून सूट मिळू शकते. विकणाऱ्याची गोष्ट वेगळी, तिथे ५० ग्रॅम एमडी म्हणजे कमर्शियल क्वांटिटी, धंद्याचं प्रमाण, किमान १० वर्षं कैद. उपचाराला आलेल्याची माहिती डॉक्टरने गुप्त ठेवायची असते, ओपीडीत येणाऱ्यांची यादी कोणी चौकीत नेऊन देत नाही.

आता सासूबाईंच्या "सुटली तरी" बद्दल. कोंडलं तर कोणाचीही सुटते, माल मिळतच नाही. प्रश्न बाहेर आल्यावरचा आहे. एमडीसाठी अजून अशी एक गोळी नाही जी तलफ बंद करेल. ब्राऊन शुगर किंवा नशेच्या पेनकिलरसाठी ब्युप्रेनॉर्फिनसारखी औषधं आहेत आणि ती चांगली काम करतात, एमडीत मात्र झोप, उदासी, भ्रम याची औषधं देतो आणि खरं काम बोलण्यातून होतं. कोणत्या दिवशी तलफ येते, कोणाचा फोन आला की येते, पगार झाला की येते का, भांडण झालं की येते का, मग त्या वेळेला काय करायचं, हे एकेक करून बसवावं लागतं. हे मारून होत नाही आणि अडीच महिने भिंतीकडे बघूनही होत नाही. बऱ्याच जणांना भरती लागतच नाही, आठवड्याला ओपीडी पुरते. भ्रम होत असेल, मारामारी होत असेल, आत्महत्येचा धोका असेल तर भरती, आणि तीही जिथे डॉक्टर रोज दिसतो तिथे.

इंदूरला एमवाय या सरकारी हॉस्पिटलची मानसरोग ओपीडी आहे, बाणगंगेचं मानसिक रुग्णालय आहे, बाणगंगेचं नाव ऐकून आपल्याकडे लोक तोंड फिरवतात पण जाऊन या एकदा. फोनवर विचारायचं तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाईन, मन फारच खाली गेलं असेल तर टेली मानस १४४१६, दोन्ही फुकट. खासगी ठिकाणी जायचं तर आत जायच्या आधी नोंदणीचा कागद बघायला मागा आणि विचारा की मी उद्या न सांगता भेटायला आले तर चालेल का. चेहऱ्यावरूनच कळेल.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ एमडीतून बाहेर आला त्याला दोन वर्षं झाली, नोकरी चांगली, आता ग्वाल्हेरची एक मुलगी बघतोय. आई म्हणते झालं गेलं गंगेला मिळालं, मुलीकडच्यांना सांगायचं नाही. भाऊ म्हणतो सांगू या. मी मधे लटकलेय. — ताई, पलासिया

उत्तर : भाऊ बरोबर आहे. दोन वर्षं म्हणजे खरंच चांगली गोष्ट आहे, पण हा आजार उलटू शकतो, डायबेटिस-बीपी सारखाच, आणि लग्न, नवी जबाबदारी, पैशाची ओढाताण, पहिलं भांडण, याच वेळा असतात उलटण्याच्या. तेव्हा घरातल्या माणसाला माहीत असलं तर दोन दिवसात लक्षात येतं, लपवलेलं असलं तर सहा महिने जातात, आणि मग व्यसनापेक्षा लपवल्याचं दुःख मोठं होतं, संसार त्याच्यावर मोडतात. सांगायचं मात्र त्याने स्वतः, मुलीला एकटीला, साखरपुड्याच्या बरंच आधी, चहा-पोह्यांच्या कार्यक्रमात अकरा जणांसमोर नाही. काय घेत होतो, कधी सोडलं, कोणाकडे उपचार घेतले, अजून दाखवायला जातो का, एवढं. तिला वाटलं तर तिने त्याच्या डॉक्टरला येऊन भेटावं, त्याची परवानगी असेल तर डॉक्टर बोलतात. ती नाही म्हणाली तर तो तिचा हक्क आहे, तेवढ्याने भाऊ परत घसरत नाही, त्या आठवड्यात तुम्ही जरा त्याच्या आसपास राहा बस.

आईला सांगा की मुलीला सांगणं वेगळं आणि गावाला सांगणं वेगळं. मध्यस्थी करणाऱ्या काकूंना यातलं काहीही कळायची गरज नाही.